संमतिवय आणि किशोरीचें मन

पौगंडावस्थेच्या मानसशास्त्राचा इतिहास सांगणारे ग्रंथकार बहुधा १९०४ सालापासून आरंभ करतात. त्या वर्षीं अमेरिकन पंडित स्टॅन्ले हॉल यांचा या विषयावरील दोन खंडांचा विस्तीर्ण ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि बाल्य संपून प्रौढपण येईपर्यंतच्या वर्षांचा स्वतंत्रपणें विचार करण्याची चाल शास्त्रज्ञांत पडली. त्यानंतरचा ठळक टप्पा म्हणून १९२८ हें साल दाखविलें जातें. त्या वर्षीं मार्गारेट मीड यांचें सामोआ बेटांतील मुलींविषयींचें पुस्तक निघालें. त्याच सुमारास कॅलिफोर्नियांत बर्कले येथें नुकतीं जन्मलेलीं मुलें निवडून त्यांच्या वाढीची वर्षानुवर्षें नोंद ठेवण्याचें काम सुरू झालें. परंतु याच १९२८ सालीं हिंदुस्थान सरकारनें एक समिति नेमली होती. तिचे अध्यक्ष अमरावतीचे सर मोरोपंत विश्वनाथ जोशी हे होते, आणि तिनें देशभर जी प्रश्नावलि पाठविली तिच्यांत एक प्रश्न असा होता कीं, तो कोणत्याहि मानसशास्त्रज्ञानें आपला म्हणून पुढें ठेवावा. शरीरसंबंधाचे परिणाम ओळखून, समजून-उमजून संमति देण्याची पात्रता मुलीच्या अंगीं कोणत्या वयाला येते, हा तो प्रश्न. ही समिति आज कायद्याच्या इतिहासांत जमा झालेली आहे. मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत तिचें नांव मला आढळलें नाहीं. माझ्या मतें किशोरवयाच्या संशोधनाच्या पद्धति शिकविणाऱ्या अध्यापकाला याहून बोलकें उदाहरण आपल्या घरांत दुसरें मिळणार नाहीं. कारण या शास्त्रांत जे पेच पडतात ते बहुतेक सगळे तेथें एकदम पडलेले आहेत.

प्रश्न जुना होता. १८६० च्या दंडसंहितेनें संमतिवय दहा वर्षें ठरविलें होतें. १८८४ सालीं बेहरामजी मलबारी यांनीं बालविवाह व सक्तीचें वैधव्य यांवर दोन टिपणें लिहिलीं. सरकारनें तीं प्रांतोप्रांतीं फिरवून अधिकाऱ्यांचीं व प्रमुख गृहस्थांचीं मतें मागविलीं. त्याच वर्षीं मुंबईंत दादाजी भिकाजीनें रखमाबाईवर दावा लावला. अकराव्या वर्षीं झालेलें लग्न आपल्यास बंधनकारक नाहीं, असें म्हणणारी ही मुलगी त्या वेळीं विशीच्या आंत होती. पुढच्याच वर्षीं तिनें ‘टाइम्स ऑफ इंडिया’ पत्रांत ‘एक हिंदु स्त्री’ या सहीनें पत्रें लिहिलीं. १८८७ च्या मार्चांत नवऱ्याकडे जा, नाहीं तर सहा महिने तुरुंगांत जा, असा निकाल तिच्यावर झाला, आणि अखेर १८८८ सालीं पैसे देऊन तडजोड झाली. इकडे कलकत्त्यांत फुलमणि नांवाची मुलगी नवऱ्याच्या बलात्कारानें मेली. १८९० सालीं खटला चालला, तेव्हां सगळा भर तिच्या वयावर येऊन पडला. ती दहाच्या वर, अकराच्या आसपास, होती असें ठरलें. म्हणून बलात्काराचें कलम लागूं झालें नाहीं, आणि नवरा एका वर्षाच्या सक्तमजुरीवर सुटला. दुसऱ्या वर्षीं, म्हणजे १८९१ सालीं, संमतिवयाचा कायदा होऊन दहाचें बारा झालें. त्या वादांतील पुण्याच्या सभा आणि ‘केसरी’-‘सुधारका’ची झुंज महाराष्ट्रांतील वाचकांस तोंडपाठ आहे, ती येथें पुन्हां लढवीत नाहीं. एवढेंच नमूद करतों कीं टिळकांचा मुख्य कटाक्ष सरकारी कायद्यावर होता. मुलीचें लग्न सोळाच्या आंत करूं नये, असें सुधारकांनीं स्वतःस बांधून घ्यावें, ही सूचना त्यांनींच १८९० सालीं मांडली होती. सोळा हा आंकडा दोन्ही पक्षांच्या तोंडीं होता. तो कोणत्या पुराव्यावरून आला हें मात्र कोणी कोणास विचारीत नव्हतें.

त्या वादांत पुरावा म्हणून जें कांहीं पुढें आलें त्यांत पंचावन्न स्त्री-डॉक्टरांचा सरकारकडे गेलेला अर्ज सर्वांत वजनदार होता. आपण प्रत्यक्ष पाहिलेल्या जखमी व मृत मुलींचीं उदाहरणें त्यांनीं त्यांत दिलीं होतीं, आणि वय चौदा करा असें मागितलें होतें. मन सुन्न करणारी ती यादी आहे. पण शास्त्राच्या दृष्टीनें ती काय सिद्ध करते? अशी गोष्ट घडते, हें ती निर्विवाद सिद्ध करते. किती वेळां घडते, हें ती सांगूं शकत नाहीं. कारण डॉक्टरकडे येते ती मरणाच्या दारींची मुलगी, बाकीच्या येतच नाहींत. विरुद्ध पक्षानें याच फटीवर बोट ठेवलें, आणि ‘अपवाद’ हा शब्द वापरून सगळी यादी बाजूला सारली. खरें पाहतां जखमी मुलगी अपवाद मानली तरी न दिसणारें मन अपवाद ठरत नाहीं. परंतु मनाचा विचार तेव्हां दोन्ही बाजूंच्या ध्यानीं फारसा नव्हता. चर्चा होती ती शरीराची आणि शास्त्रार्थाची.

मनाचा प्रश्न कागदावर यावयास आणखी चाळीस वर्षें लागलीं, आणि त्यांत आमच्या भागाचा हात आहे. नागपुरांत वकिली करणारे व नागपूर नगरपालिकेचे अध्यक्ष राहिलेले डॉ. हरिसिंग गौर यांनीं मध्यवर्ती विधिमंडळांत संमतिवय वाढविण्याचा विषय लावून धरला. १९२५ सालीं विवाहांतर्गत वय तेरा व विवाहबाह्य वय चौदा झालें. तेवढ्यानें गौर यांचें समाधान झालें नाहीं. त्यांनीं पुन्हां बिल आणलें, आणि त्याचा विचार करण्यासाठीं १९२८ ची समिति नेमली गेली. तिच्या अध्यक्षपदीं आलेले मोरोपंत जोशी अमरावतीचे नामांकित वकील. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारांत गृहखातें त्यांनीं सांभाळलें होतें. नागपूर सोडून अमरावतीच्या रस्त्याला लागलें कीं पहिलें गांव येतें तें आमचें वाडी. या एका रस्त्याच्या दोन टोकांस असलेल्या दोन वकिलांनीं सगळ्या देशाला मुलींच्या वयाविषयीं विचार करावयास लावलें, हें इकडच्या फार थोड्यांना ठाऊक आहे. समितींत रामेश्वरी नेहरू व डॉ. बीडन अशा दोन स्त्रियाहि होत्या. ही गोष्ट १८९१ सालीं कल्पनेंतहि बसली नसती.

आतां प्रश्नावलीकडे वळूं. तिच्या रचनेंत एक शहाणपण आहे, आणि तें वकिली शिस्तींतून आलें असावें. तुमच्या भागांत मुलींना ऋतुप्राप्ति कोणत्या वयाला होते, जातीजातींत त्यांत फरक पडतो काय, हें प्रथम विचारलें. ऋतुप्राप्ति झाली म्हणजे शरीर संसाराला पुरेसें पक्व झालें असें समजावयाचें काय, नसल्यास त्यानंतर किती काळ जावा, हें वेगळें विचारलें. आणि समजून संमति देण्याचें वय कोणतें, हें आणखी वेगळें विचारलें. शरीराचें वयांत येणें, शरीराची परिपक्वता आणि बुद्धीची परिपक्वता या तीन गोष्टी एक नव्हेत, हें त्या कागदानें गृहीत धरलें. आमच्या रूढीनें न्हाण आलें कीं गर्भाधान, असा तिन्हींचा एकच मुहूर्त धरला होता. एका शब्दाखालीं दडलेल्या अनेक गोष्टी सुट्या करणें ही संशोधनाची पहिली पायरी होय. ती येथें ओलांडली गेली.

पण सुटा केलेला तिसरा प्रश्न विचारला कोणाला? वकील, डॉक्टर, अधिकारी, शास्त्री, संस्थांचे चिटणीस. स्त्रियांच्या साक्षी झाल्या त्याहि जाणत्या व सार्वजनिक कार्यांतील स्त्रियांच्या. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला काय समजतें हें ठरवावयाचें होतें, आणि तें तिच्याहून वीस-तीस वर्षांनीं मोठ्या माणसांच्या अंदाजावरून ठरवावयाचें होतें. स्टॅन्ले हॉल यांनींहि मुलांविषयींची पुष्कळशी माहिती शिक्षकांकडे छापील प्रश्न पाठवून जमविली होती, आणि त्या रीतीवर त्यांच्या हयातींतच टीका झाली. या रीतीनें हातीं येतें तें मुलांचें मन नव्हे, मुलांविषयीं मोठ्यांचें मत. तेंहि जाणून घेण्यासारखें असतें. मात्र त्यावर पहिल्याचें नांव घालूं नये. मुलींनाच विचारलें म्हणजे सगळें मिटलें, असेंहि नाहीं. मीड यांनीं सामोआच्या मुलींशीं स्वतः बोलून लिहिलें. १९८३ सालीं डेरेक फ्रीमन यांनीं त्यांच्या एकंदर निष्कर्षांवर, आणि पुढें त्या मुलींच्या सांगण्याच्या खरेपणावरहि, आक्षेप घेतले. ओसरीवर सासरा बसलेला असतां माजघरांतल्या सुनेनें परक्या माणसाला काय सांगितलें असतें, याची कल्पना करणें कठीण नाहीं.

याहून मोठी अडचण वयाचीच होती. वाढीच्या मानसशास्त्रांत सगळें गणित वयावर उभें असतें. अमुक वयाच्या मुलांत अमुक शक्ति दिसते असें म्हणतांना निदान वय तरी खरें हवें. धारवाडच्या वि. वि. कामत यांनीं बिने यांच्या बुद्धिमापनाच्या कसोट्या कानडी व मराठी बोलणाऱ्या मुलांसाठीं बसविल्या. त्यांचा अहवाल १९३४ सालीं एका ब्रिटिश नियतकालिकांत आणि ग्रंथ १९४० सालीं प्रसिद्ध झाला. आपल्याकडील मुलांचें मन मोजण्याचे जे पहिले पद्धतशीर प्रयत्न झाले त्यांत कामतांचें काम मानानें मोजलें जातें. तेथेंहि मानसिक वयाला खऱ्या वयानें भागून शंभरानें गुणावयाचें असतें. छेदांतला आंकडाच अंदाजी असेल तर उत्तराच्या अचूकपणाला काय अर्थ? आणि आपल्याकडे तो फार वेळां अंदाजी असे. जन्मकुंडली असे ती थोड्या घरीं. खानेसुमारींतील वयें पांच व शून्य या अंकांवर ढीग घालून बसत, हें प्रत्येक खानेसुमारीच्या अधिकाऱ्याला माहीत होतें. शाळेंत नांव घालतांना मास्तर मुलाला न्याहाळून, डोक्यावरून हात घेऊन उलट्या बाजूचा कान धरतां येतो का पाहून, जूनच्या पहिल्या तारखेचा जन्म लिहून टाकीत. वाडीच्या आसपासच्या गांवांत साठी उलटलेल्या मंडळींच्या दाखल्यांवर ही एक जून इतक्या वेळां दिसते कीं, त्या दिवशीं गांवांत दुसरें कांहींच होत नसावें असें परक्यास वाटेल! जोशी समितीला ही अडचण पुरती कळली होती. जन्माची नोंद नीट ठेवावी व विवाह नोंदले जावेत, अशा सूचना तिनें केल्या. मला तिच्या सगळ्या शिफारशींत ह्या सर्वांत शास्त्रीय वाटतात. फुलमणीच्या खटल्यांत एका वर्षाच्या फरकावर सारें अवलंबून होतें, आणि तें वर्ष आईच्या आठवणीपलीकडे कोठेंच नोंदलेलें नव्हतें. २०१५ च्या बालन्याय कायद्यांतहि वय ठरवितांना प्रथम शाळेचा दाखला, तो नसल्यास नगरपालिकेचा अथवा पंचायतीचा जन्मदाखला, आणि तोहि नसल्यास हाडांची तपासणी, असा क्रम लावलेला आहे. म्हणजे मास्तरांची एक जून अद्याप पहिल्या मानाची आहे.

साक्षींतून वारंवार डोकावणारी एक समजूत येथें सांगितली पाहिजे. उष्ण देशांत मुली लवकर वयांत येतात, म्हणून त्यांचीं लग्नें लवकर होतात, असें युरोपियन व हिंदी दोघेहि म्हणत. उष्णता आहे, लवकर लग्न आहे. म्हणून एकामुळें दुसरें. दोन गोष्टी शेजारीं दिसल्या कीं त्यांचें कार्यकारणाचें नातें जुळविण्याची ही खोड फार जुनी आहे. वस्तुतः १८४० नंतरच्या दशकांतच मँचेस्टरचे डॉक्टर जॉन रॉबर्टन यांनीं हिंदुस्थानासह निरनिराळ्या देशांतून आंकडे मिळवून, हवामानामुळें पडणारा फरक लोक समजतात तेवढा नाहीं असें प्रतिपादन केलें होतें. पुढें तर उत्तर युरोपांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून शंभर वर्षांत ऋतुप्राप्तीचें सरासरी वय कित्येक वर्षांनीं खालीं आलें. तेथील थंडी कांहीं पळाली नव्हती. अन्न सुधारलें होतें, रोगराई हटली होती. उपाशी मुलगी उशिरां वयांत येते, आणि गरिबाच्या घरीं तिचेंच लग्न आधीं होतें. मग हवामानाचा सिद्धांत कोठें राहिला?

मुलीचें स्वतःचें मन आपल्यापर्यंत ज्या वाटेनें आलें ती वाट आत्मचरित्रांची. रमाबाई रानडे यांचें लग्न अकराव्या वर्षीं झालें. त्यांच्या आठवणी १९१० सालीं प्रसिद्ध झाल्या. आनंदीबाई जोशी नवव्या वर्षीं संसारांत आल्या, चौदाव्या वर्षीं त्यांचें मूल दहा दिवसांचें होऊन गेलें, आणि एकविसाव्या वर्षीं त्या फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या. खुद्द मोरोपंतांच्या पत्नी यशोदाबाई जोशी यांच्याहि आठवणी ग्रंथरूपानें आहेत. ज्या प्रश्नाचें उत्तर समिति देशभर शोधीत होती त्याची एक जाणती साक्षीदार अध्यक्षांच्या घरींच होती, असा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं. या पुस्तकांची योग्यता मोठी आहे. तरी मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यानें तीं वाचतांना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. पन्नाशीची स्त्री आपल्या बाराव्या वर्षाविषयीं लिहिते तेव्हां घटना बहुधा खऱ्या असतात, त्यांचा ताप निवालेला असतो. अॅना फ्रॉइड यांनीं १९५८ सालीं हेंच निदर्शनास आणलें: प्रौढांना किशोरवयांतलें घडलेलें आठवतें, त्या वेळचा भावनांचा जोर मात्र परत येत नाहीं. रमाबाईंच्या लेखणींतली सौम्यता ही अकरा वर्षांच्या मुलीची कीं विधवा होऊन सेवासदन चालविणाऱ्या प्रौढेची, हें ग्रंथावरून सांगतां येणार नाहीं. याच अडचणीमुळें व्हिएन्नाच्या शार्लोट ब्यूलर यांनीं मुलामुलींनीं त्या त्या दिवशीं लिहिलेल्या रोजनिशींचा आधार घेतला होता. आमच्या मुलींपाशीं रोजनिशी कोठून असणार? ज्यांना लिहितां येत होतें त्यांनासुद्धां पाटी लपवावी लागे. या दृष्टीनें रखमाबाईचीं १८८५ चीं पत्रें मला अनमोल वाटतात. तीं ऐन विशींत, दाव्याच्या धगींत लिहिलेलीं आहेत. लग्नानें आपलें शिक्षण कसें खुडलें गेलें, हें दुःख त्यांत अद्याप ओलें आहे. मात्र तीं वकिलाच्या युक्तिवादासारखींहि आहेत, आणि तीं लिहिणारी डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरीं वाढलेली आहे. शंभरांतली एक मुलगी म्हणून तिला घेतां येणार नाहीं.

समितीनें १९२९ सालीं अहवाल दिला. विवाहांतर्गत वय पंधरा, विवाहबाह्य वय अठरा, आणि मुलीच्या लग्नाला किमान चौदा, अशा तिच्या मुख्य शिफारशी होत्या. त्या पाठबळानें अजमेरच्या हरविलास सारडा यांचें बिल त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत विधिमंडळांत मंजूर झालें; मुलीला चौदा व मुलाला अठरा हीं वयें ठरलीं. मराठी माणसानें त्याला ‘शारदा कायदा’ करून टाकलें. १८९९ पासून देवलांची शारदा घरोघर पोंचलेली होती, तेव्हां ही चूक चूक न वाटतां न्याय वाटला असल्यास नवल नाहीं. अंमल १९३० च्या एप्रिलपासून व्हावयाचा होता. मधल्या सहा महिन्यांत देशभर लग्नांची एकच घाई उडाली. पाळण्यांतल्या मुलीसुद्धां उजविण्यांत आल्या. १९३१ च्या खानेसुमारींत पंधराच्या आंतील विवाहितांची संख्या दहा वर्षांपूर्वींच्या सुमारें ८५ लाखांवरून १ कोटी २० लाखांच्या वर गेलेली दिसली. तेवढे दोनच आंकडे पाहणारा म्हणेल कीं कायद्यानें बालविवाह वाढले. दोन वेळां घेतलेल्या मोजणींत मध्यें काय घडलें हें न पाहतां निष्कर्ष काढूं नये, हें मी वर्गांत या उदाहरणानें शिकवितों, आणि विद्यार्थ्यांच्या तें बरोबर लक्षांत राहतें.

समितीनें सुचविलेलें पंधरा वर्षांचें विवाहांतर्गत वय दंडसंहितेंत आलें तें १९४९ सालीं, आणि तेथेंच अडकलें. लग्नाचें किमान वय १९७८ सालीं अठरा झालें, तरी पंधरा वर्षांच्या पत्नीची संमति कायदा गृहीतच धरीत होता. ११ ऑक्टोबर २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ती ओळ अठरावर नेली.

राहिला तो तिसरा प्रश्न, समजून संमति देण्याच्या वयाचा. त्याला अलीकडे मिळालेलें उत्तर जोशी समितीला आवडलें असतें असें मला वाटतें, कारण तेंहि गोष्टी सुट्या करणारें आहे. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत अकरा देशांतील दहा ते तीस वयाच्या पांच हजारांहून अधिक व्यक्तींची तपासणी झाली. त्या देशांत भारतहि होता. शांतपणें विचार करून एखादी गोष्ट ताडण्याची शक्ति सोळाच्या सुमारास प्रौढांच्या बरोबरीला येते. मोह आवरणें, धोका ओळखून मागें सरणें, दुसऱ्याच्या दडपणापुढें टिकणें, ह्या गोष्टी अठरा उलटल्यावरहि वाढत राहतात, असें त्यांत दिसलें. म्हणजे ‘समज’ हाहि एक शब्द नव्हे. त्याच्या आंत निदान दोन शब्द आहेत. मात्र हा अभ्यास निरनिराळ्या वयांच्या निरनिराळ्या माणसांना एकाच काळांत पाहून केलेला आहे. तिशीचा माणूस आणि दहा वर्षांचें पोर यांच्यांत वयाचा फरक आहे तसा पिढीचाहि आहे, आणि तेवढ्या निरीक्षणानें ते दोन फरक वेगळे काढतां येत नाहींत. बर्कलेच्या लोकांनीं १९२८ सालीं त्याच मुलांमागें वर्षानुवर्षें जाण्याची कष्टाची वाट धरली ती याचसाठीं. आपल्याकडे अशी वाट फार थोड्यांनीं चोखाळली.

लग्नाच्या वयापुरतें मात्र विचारण्याचें तंत्र पुष्कळ सुधारलें आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत बालविवाहाचें प्रमाण काढतांना आतां पंधरा-सोळा वर्षांच्या मुली मोजीत नाहींत, कारण आज अविवाहित असलेलीचें लग्न उद्यां अठराच्या आंत होऊं शकतें. वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांना, ज्यांचें अठरावें वर्ष सरलेलें आहे त्यांना, विचारतात. २०१९-२१ च्या पाहणींत महाराष्ट्रांत त्यांपैकीं २१.९ टक्के स्त्रियांचें लग्न अठरापूर्वीं झालेलें आढळलें. देशाचें प्रमाण २३.३ टक्के होतें. उत्तर देणारी ती स्वतः असते, विचारणारीहि स्त्री असते, आणि वय किती, हें विचारण्यापूर्वीं तिला जन्माचा महिना व वर्ष विचारलें जातें.